सतराव्या वर्षी दिवस गेले, तर ती मुलगी कुठल्या रजिस्टरात सापडते?

रानजाई

इथे बी१२ जीवनसत्त्वाच्या धाग्यात मध्येच बालविवाह निघतो, बालविवाहाच्या धाग्यात लैंगिक शिक्षण, आणि मग कोणीतरी "विषयांतर नको" म्हणून हाकलतं. माझ्या मते हा सगळा एकच विषय आहे, म्हणून हा वेगळा धागा. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात कंत्राटी समुपदेशक आहे. किशोरवयीन मुली आणि पहिलटकरणी हेच माझं रोजचं काम.

आपल्या महाराष्ट्रात गरोदरपणावर जे काम झालंय ते जगभर वाचलं जातं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आता गंमत बघा: आपलं बाळ हातापायानं काडी, पण पाठीवरची चामडी चिमटीत धरून मोजली तर चरबी त्या मानानं फारशी कमी नाही. म्हणजे जे कमी पडलं ते मांसात आणि अवयवांत. पुढे मधुमेहाची वाट इथूनच सुरू होते, असं त्यांचं म्हणणं. पालेभाज्या, फळं, दूध वरचेवर खाणाऱ्या आयांची बाळं मोठी निघाली. जवळपास दोन तृतीयांश बायकांमध्ये बी१२ कमी होतं. आईचं बी१२ कमी आणि फोलेट (दुसरं एक ब जीवनसत्त्व) जास्त असेल तर तिच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं जास्त दिसली.

दुसरं काम मुंबईच्या झोपडपट्ट्यांतलं, २००६ ते २०१२. बायकांना रोज पालेभाजी, फळ आणि दूध घालून केलेला खाऊ द्यायचा, तोही दिवस जायच्या आधीपासून. सरसकट सगळ्यांचा हिशोब केला तर बाळाच्या वजनात ठळक फरक नाही. पण ज्यांनी गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून खाल्लं, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनं जास्त भरली. गरोदरपणातला मधुमेह तर जवळजवळ निम्म्यावर आला.

थोडक्यात, दिवस राहिल्यावर धावपळ करून फार काही हाती लागत नाही. म्हणूनच पुण्याच्या मंडळींनी २०१२ पासून बी१२च्या गोळ्या दिल्या त्या थेट किशोरवयीन मुलामुलींना, म्हणजे पहिल्या अभ्यासात जन्मलेल्या त्याच बाळांना.

आता आमच्याकडे या. शाळेतल्या मुलीला आठवड्यातून ठरलेल्या वारी लोहाची निळी गोळी मिळते. शाळा सोडली की ती मुलगी अंगणवाडीकडे जाते, म्हणजे कागदावर जाते. गरोदर बाईची नोंद बाराव्या आठवड्याच्या आत व्हावी अशी अपेक्षा असते, मग लाल गोळी सुरू. या निळ्या आणि लाल गोळीच्या मधली वर्षं कुणाची? आशाताईकडे पात्र जोडप्यांचं रजिस्टर असतं, पण सोळा-सतराची नवी सून त्यात लिहायची म्हणजे बालविवाह झाला हे लिहून देणं. मग एक तर नाव गाळायचं, नाहीतर वय १९ टाकायचं. तपासणीच्या दिवशी मी वय विचारते मुलीला आणि उत्तर येतं सासूकडून. मुलगी खाली बघून पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत असते. कार्डावर १९ पडतं आणि पुढे तिची सगळी जोखीम एकोणीस वर्षांच्या बाईची म्हणून मोजली जाते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली, आणि १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर. वय लपवण्याची ही तऱ्हा पाहता खरा आकडा याहून खाली असेल असं मला वाटत नाही.

तुमच्या भागातलं लिहा. नुसतं "समाज बदलायला हवा" लिहिणार असाल तर +१ दिलंत तरी चालेल.

चिंगी

+१. (हौस भागवली.)

वाचतेय. माझ्या मोठ्या जावेच्या वेळी याज्ञिकांच्याच कामाबद्दल पहिल्यांदा ऐकलं होतं. त्यांचा आणि एका इंग्रज डॉक्टरचा फोटो आहे ना, शेजारीशेजारी उभे? दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) सारखाच, आणि चरबीत दुपटीहून जास्त फरक?

रानजाई

हो, तोच. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय २२.३. जॉन युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के.

कोयना_एक्सप्रेस

लेख चांगला आहे, पण थोडी काडी टाकतो. मुंबईच्या अभ्यासात सरसकट फरक नाही आणि मग "ज्यांनी तीन महिने आधी खाल्लं" असा उपगट काढला की ४८ ग्रॅम दिसतात. अशा उपगटांवर किती भिस्त ठेवायची? तीन महिने नेमानं खाऊ खायला येणाऱ्या बायका मुळातच वेगळ्या असू शकतात. शिवाय ४८ ग्रॅम म्हणजे काय, एक बिस्किटाचा पुडा.

टाके_आणि_गाठी

कोयना, शंका रास्त आहे. पण तुलनेच्या गटातल्या बायकांनाही तसाच रोजचा खाऊ होता, फक्त त्यात पालेभाजी, फळ आणि दूध नसलेलं, कमी पोषक सामान होतं. त्यामुळे "नेमानं येणाऱ्या बायका" दोन्ही बाजूंना होत्या. आणि ४८ ग्रॅम ही सरासरी आहे. अडीच किलोच्या रेषेवर लोंबकळणारी बाळं आमच्याकडे इतकी असतात, की सरासरी थोडी सरकली तरी बरीच रेषेच्या वर जातात. मला स्वतःला मात्र मधुमेहाचा निकाल जास्त महत्त्वाचा वाटतो.

(मी तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. आयडीवरून ओळखलं असेलच.)

बीडकर_मास्तर

ताई, तुमच्या मधल्या वर्षांचं उत्तर आमच्याकडे आहे: ती वर्षं उसाच्या फडात जातात.

बाहेरच्यांसाठी सांगतो. दिवाळी झाली की मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो ती "कोयत्या"ला. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला अर्धा कोयता म्हणतात आणि उचलही अर्धीच. आता घरात अठरा-एकोणीसचा पोरगा आहे आणि त्याचं लग्न लावलं की एक पूर्ण कोयता वाढतो, हा हिशोब कुणालाही कळतो. दुसरी बाजू पोरीची. आईबाप पाच-सहा महिने कारखान्यावर, घरी म्हातारी आजी. सातवी-आठवीतली पोर तिच्या भरवशावर ठेवायची कशी? बरोबर न्यावी तर पालावर राहायचं, अंघोळीला आडोसा साडीचा. आईला झोप लागत नाही हो. मग "उजवून टाकू" ठरतं. मी शाळेत हजेरी घेताना दिवाळीनंतर दरवर्षी एक-दोन नावांपुढे रेघ येते आणि उन्हाळ्यात कळतं की ती दुसऱ्या गावची सून झाली.

परभणीत त्याच सर्वेक्षणात अठराच्या आत लग्न झालेल्या ४८ टक्के, आमच्या बीडमध्ये ४३.७. राज्याची सरासरी २२. एवढी तफावत नुसत्या "मानसिकते"नं पडत नसते.

पुढचं टोकही बघा. फडात एक दिवस चुकला तर खाडा, म्हणजे मजुरी तर गेलीच, वर दंड. पाळी असो, पाचवा महिना असो, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं. सोळाव्या वर्षी पहिलं, एकोणिसाव्याला दुसरं, मग अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, आणि खाजगीत कोणीतरी सांगतं "पिशवी काढून टाका, कॅन्सर होईल". २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. तिशी-पस्तिशीतल्या कितीतरी.

वऱ्हाडी_ठेचा

मास्तर, बेक्कार आहे हे.

"अंगावरून जाणं" वरून आठवलं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या, १९८९ला लॅन्सेटमध्ये छापून आलं. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता. आधी कधी अशी तपासणी झालेल्या किती? ८ टक्के. तोवर सरकारी खात्याला बाई दिसायची ती बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया एवढ्यापुरती. कोणी दारात जाऊन विचारलंच नव्हतं.

कोयना_एक्सप्रेस

परत काडी. दोन गावं म्हणजे महाराष्ट्र नव्हे.

टाके_आणि_गाठी

नव्हेच. पण त्या आधी शून्य गावं होती. आणि तक्रार न करणाऱ्या बायकांनाही तपासलं हे त्यातलं खरं. ४५ टक्के बायकांना विचारल्यावर काहीच त्रास सांगता आला नव्हता. माझ्या ओपीडीत आजही "काही नाही, असंच दाखवायला आले" म्हणून येणाऱ्या बाईला मी आधी पडद्याआड घेते, मग प्रश्न विचारते. नवरा बाहेर.

शिवार_७२

तुम्ही सगळे शिकले-सवरलेले आहात, पण बापाची बाजू कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. मला दोन मुली. मोठीचं लग्न मी सतराव्या वर्षी केलं. शाळा गावात सातवीपर्यंत, पुढे पाच किलोमीटर, एसटी कधी येते कधी नाही. रस्त्यात टवाळ पोरं. गावात एका पोरीचं नाव एका पोराबरोबर निघालं, तर तिच्या धाकट्या बहिणीला अजून स्थळ नाही. तुमचा कायदा मला शिक्षा देईल, पण त्या रस्त्यावरून माझ्या मुलीला रोज आणून सोडणार नाही. मला हौस नव्हती.

रानजाई

शिवारभाऊ, लिहिलंत हे फार बरं झालं. बाप बोलला नाही तर या विषयावरची निम्मी चर्चा हवेत असते. एक सांगू? तुमच्यासारख्याच बापांच्या गावांत एक प्रयोग झालाय. पैठण तालुक्यातल्या पाचोडला डॉ. अशोक दयालचंद यांची संस्था आहे. नव्वदीच्या शेवटी त्यांनी गावोगाव लग्न न झालेल्या मुलींसाठी संध्याकाळी तासाभराचा वर्ग सुरू केला, वर्षभर. शिकवणारी त्याच गावची, फार शिकलेली नाही अशी बाई. आरोग्य, शरीर, पाळी, खाणं, बँकेत-पंचायतीत कसं बोलायचं, असं सगळं. काही वर्षांत त्या गावांतलं लग्नाचं मधोमधचं वय (मध्यक) १६ वरून १७ वर आलं.

एकच वर्ष, म्हणाल तुम्ही. पण हा वर्ग मुली पळवून नेणारा नाही हे आयाबापांना दिसत होतं, कारण तो गावातच, संध्याकाळी, ओळखीच्या बाईच्या नजरेखाली होता. तुमची अडचण रस्त्याची होती. त्यांनी रस्ताच काढून टाकला.

कोयना_एक्सप्रेस

चिठ्ठ्या टाकून गावं निवडली नव्हती, हे फक्त नोंदवतो. बाकी मान्य. बीडकर मास्तरांच्या हिशोबात मात्र हा वर्ग बसत नाही, मुलगीच गावात नसते.

बीडकर_मास्तर

बसतो, हंगामी वसतिगृह नीट चालवलं तर. पोरगी गावात राहिली, रात्री दाराला कडी आणि एक जबाबदार बाई असली, तर आई निर्धास्त जाते. आमच्या गावी एक वर्ष वसतिगृह वेळेवर सुरू झालं आणि त्या वर्षी माझ्या वर्गातली एकही रेघ पडली नाही. पुढच्या वर्षी मंजुरी आली ती हंगाम अर्धा सरल्यावर, तोवर आयांनी पोरींना ट्रकमध्ये बसवून नेलं होतं.

गाववाली_आशा

मी आशा आहे. मोबाईलवर टाइप करतेय, चुका पोटात घाला.

ताई तुम्ही रजिस्टरचं लिहिलं ते खरं आहे. पण आमचीही बाजू बघा. मी त्याच गावात राहते. लग्न थांबवायचा अधिकार ग्रामसेवकाला, तो तालुक्याला राहतो. खबर कोणी दिली हे संध्याकाळपर्यंत गावाला कळतं. मग माझ्या पोरांना कोणी बोलत नाही, आणि त्या गल्लीत कोणी मला लसीकरणाला बाळ देत नाही. मी नाव लिहिलं नाही तरी घरी जाते. सासूशी आधी बसते, तिच्या गुडघ्याचं विचारते, मग सून बाहेर येते. गोळी सासूच्या हातात देते. सुनेच्या हातात दिली तर सासू म्हणते बाळ मोठं होईल, बाळंतपण अडेल, आणि गोळी उकिरड्यावर जाते. सासूला दिली की ती स्वतः मोजून देते. गोळीनं संडास काळी होते हे आधी सांगून ठेवायचं, नाही तर दुसऱ्या दिवशी बंद. चहाबरोबर घेऊ नको, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घे, एवढं सांगते.

लग्न झाल्या झाल्या पहिलं मूल लांबवा म्हटलं तर मात्र सासू उठून आत जाते. तिथे नवऱ्यालाच गाठावं लागतं, पानटपरीवर माझा नवरा बोलतो त्याच्याशी.

वऱ्हाडी_ठेचा

आशाताई, तुमच्या नवऱ्याला सलाम. पोरांशी कोणीच बोलत नाही. आमच्या कॉलेजात एकदा लैंगिक शिक्षणाचं शिबिर झालं. नाव न लिहिता चिठ्ठीवर प्रश्न टाका म्हणाले. शंभरेक पोरं, आणि निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या एकाच भीतीच्या: रात्री धातू (वीर्य) जातो, मी लग्नाला लायक आहे का? एसटी स्टँडमागच्या भिंतीवर "गुप्तरोग, खात्रीशीर इलाज" रंगवणाऱ्यांनी आमच्या दोन पिढ्या घाबरवल्या. बंग यांच्या सर्च संस्थेचं तारुण्यभान शिबिर राणीताईंनी सुरू केलं ते मुलांसाठीही आहे. पण असं किती कॉलेजांत होतं? २००७ साली शाळेतल्या लैंगिक शिक्षणाच्या पुस्तकावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि सरकारनं ते बंदच केलं.

आजीचा_बटवा

कोणी र. धों. कर्व्यांचं नाव काढण्याआधी मीच काढते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. २००७ला आपण पुस्तकातल्या चित्रांवरून भांडत होतो. असो. माझ्या वेळी आईनं एवढंच सांगितलं, "आता झाडावर चढू नकोस." मी चढायचे.

मूकवाचक

नेहमी नुसती वाचते, आज लिहावं लागतंय. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींच्या मुलीला पाचवा महिना लागलाय. वय सतरा पूर्ण. गावी लग्न लावून दिलं होतं. एकाही दवाखान्यात नोंद नाही, कारण कोणीतरी सांगितलंय की डॉक्टर पोलिसांना बोलावतात आणि जावयाला नेतात. मुलगी पांढरीफटक दिसते. काय करू?

टाके_आणि_गाठी

ताई, सरळ लिहिते. अठराच्या आतल्या मुलीला दिवस गेलेत हे कळल्यावर पोलिसांना कळवणं २०१२च्या पॉक्सो (बालकांवरचे लैंगिक अत्याचार रोखणाऱ्या) कायद्यानं मला बंधनकारक आहे. लग्न झालेलं असलं तरी. न कळवल्यास मला शिक्षा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं थोडी वाट मोकळी केली: अशा मुलीला गर्भपात हवा असेल तर तिच्या आणि पालकांच्या विनंतीवरून डॉक्टरांनी कळवताना तिचं नाव-पत्ता द्यायची गरज नाही. अल्पवयीन मुलींसाठी गर्भपाताची मुदत २०२१च्या दुरुस्तीनं २४ आठवड्यांपर्यंत आहे. म्हणजे मूल ठेवायचं की नाही हे आधी त्या मुलीला एकटीला, आई आणि नवरा नसताना, विचारायला हवं. तिला अजून वेळ आहे, पण फार नाही.

मूल ठेवायचं असेल तर पोलिसांना कळवलं जाईलच, ते टाळता येणार नाही. पण उपचार कोणी नाकारू शकत नाही. कायदा मुलीला वाचवायला केला, आणि माझ्यापर्यंत ती पोचते आठव्या-नवव्या महिन्यात, रक्त (हिमोग्लोबिन) सहावर, पायांना सूज, कधी झटके येऊनच. मधले महिने ती "मेडिकल"मधून गोळ्या आणते नाहीतर घरात बसते. हे लिहिताना मला राग येतोय, तो कोणावर काढावा हे कळत नाही.

मावशींच्या मुलीचं हिमोग्लोबिन, रक्तदाब, सोनोग्राफी या आठवड्यात झालं पाहिजे. जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय गाठा, छोट्या खाजगीत नको. रक्त फार कमी असेल तर शिरेतून लोह द्यावं लागेल, नुसत्या गोळ्यांनी ते लवकर भरून निघणार नाही.

रानजाई

मूकवाचक, नेण्याआधी १०९८ला (बालकांची हेल्पलाइन) फोन करून ठेवा. बालकल्याण समितीचं माणूस बरोबर असलं की पोलिसांसमोर मुलीला एकटीला बोलावं लागत नाही. सरकारी रुग्णालयात मैत्री क्लिनिक (किशोरवयीनांसाठीचा कक्ष) असेल तर तिथल्या समुपदेशकाला आधी भेटा. आणि मावशींना आजच सांगा की जावयाचं काय होईल ते पुढचं, मुलीचं रक्त आत्ताचं.

शिवार_७२

माझ्या मोठीलाही पहिल्या वेळी रक्त चढवावं लागलं होतं. मावशींना माझा निरोप द्या, नेऊ द्या म्हणावं. धाकटी माझी बारावीला आहे.

मूकवाचक

मावशी तयार झाल्या. उद्या सकाळी नेते, मीही जातेय. आधार कार्डावर वय १९ आहे, गावी कोणीतरी तसं करून घेतलंय. तेच दाखवायचं का?

टाके_आणि_गाठी

नको. खोट्या वयानं नोंद झाली तर उद्या तिच्याच अंगाशी येईल. वय ठरवताना शाळेचा दाखला आणि जन्मदाखला धरतात, आधार नाही. दाखला नसेल तर तसं सांगा, ते बघतील. उपाशीपोटी नेऊ नका, खायला घालून न्या. साखर तपासायची असेल तर ते वेगळं बोलावतील.